टप्पासर

टप्पासरांनी आजवर जपान तीनदा नाकारला आहे, व्हिएतनाम दोनदा आणि थायलंड एकदाच, पण कायमचा. कोरियाचं प्रकरण विचाराधीन आहे. सौदीची फाइल त्यांनी आपणहून बंद केली. तिथल्या जाहिरातीत ‘कुटुंबासह’ या शब्दाच्या डोक्यावर चांदणी होती आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी कुठेच सापडला नाही. ज्या देशांनी सरांना बोलावलंच नाही त्यांची यादी वेगळी. ती बरीच लांब आहे, आणि तिचा विषय निघाला की सर एवढंच म्हणतात, “तो त्यांचा प्रश्न.”

हे सगळे नकार माझ्या दुकानातून गेलेले आहेत. रत्नागिरीत गोखले नाक्याच्या जवळच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आणि एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायचे पत्ते. संध्याकाळी सर शाळेतून परत येतात, छत्री शटरच्या हुकाला अडकवतात, पिशवीतून पेन ड्राइव्ह काढतात आणि म्हणतात, “एक करारपत्र आलंय. जरा मोठ्या अक्षरात काढा.” संस्था जे बारीक अक्षरात लिहिते ते आपण मोठ्या अक्षरात वाचावं, हा त्यांचा नियम. चार पानांचा करार माझ्याकडून अकरा पानांचा होऊन बाहेर पडतो. परदेशानं सरांचं अजून काही भलं केलेलं नाही, माझं मात्र केलंय.

पुलंनी अंतू बर्वा लिहिल्यापासून बाहेरच्या माणसाला वाटतं की रत्नागिरीकर तोंड उघडेल तेव्हा तिरकसच बोलेल. टप्पासर त्या घराण्यातले नाहीत. टोमणा नाही, कोटी नाही. ते नुसती चौकशी करतात. लग्नपत्रिका हातात दिलीत तर तीही मागून-पुढून वाचतील आणि विचारतील, “मुहूर्त बारा सत्तावीसचा आणि भोजन साडेबाराला? तीन मिनिटांत अक्षता टाकून हात कधी धुवायचे?” यात कुचकेपणाचा लवलेश नसतो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं. असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला विचारून कुणी फ्लॅट घेत नाही, पण घेतल्यावर तो आपल्या रस्त्यानं येताना दिसला की आपण समोरच्या मेडिकलमध्ये शिरतो.

सर इंग्रजीचे एम.ए., बी.एड. तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवतात. ते रुजू झाले तेव्हा ते कॉलेज ‘कायम विनाअनुदानित’ होतं. शासनाच्या भाषेत याचा अर्थ, सरकार आज पैसे देणार नाही आणि उद्याही देणार नाही. पुढे शासनानं त्यातला ‘कायम’ काढला. मग अनुदान द्यायचं ठरलं, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं: आधी वीस टक्के, मग चाळीस, मग साठ. एक टप्पा पडला की पुढच्यासाठी तपासणी, त्रुटी, त्रुटींची पूर्तता, पूर्ततेतल्या त्रुटी, मुंबईला आझाद मैदानावर बसणं, आणि मग आश्वासन. वीस टक्के अनुदान म्हणजे वीस टक्के पगार. वर्ग मात्र शंभर टक्के भरलेला. “या टप्प्यात काय ते बघू” हे वाक्य सर इतक्या वेळा बोलले की मुलांनी त्यांचं नावच तसं ठेवलं. आता खुद्द सरसुद्धा फोनवर “टप्पासर बोलतोय” म्हणतात.

रुजू होताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता, हे ऐकलं की नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण तसंच झालं. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवून “सर, हे आपलंच घर समजा” म्हटलं आणि चोविशीतल्या सरांनी ते तसं समजलं. घरच्या माणसाला पगार देत नसतात, हा त्यातला उरलेला अर्धा भाग त्यांना तीनेक वर्षांनी कळला. तेव्हा न विचारलेले प्रश्न सर आता जगातल्या प्रत्येक संस्थेला विचारत सुटले आहेत.

इंग्रजी शिकवायला परदेशी जायचं ही कल्पना त्यांच्या डोक्यात घातली एका माजी विद्यार्थ्यानं. हा मुलगा बोटीवर असतो. ओसाकाच्या बंदरातून त्यानं एका इंग्रजी शिकवणीच्या पाटीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, इथे नुसतं बोलायचे पैसे देतात.’ सरांनी त्याला उलट विचारलं, “किती तारखेला देतात?” तो मुलगा अजून उत्तर शोधतो आहे.

आपल्याकडे क्लास म्हणजे एका माणसाचं नाव, एक जिना आणि जिन्याखाली चपलांचा ढीग. तिकडे इंग्रजी शिकवण्याच्या साखळ्या असतात, एका नावाच्या शेकडो शाखा. सर त्यांना ‘संस्था’ म्हणतात आणि मुख्य कार्यालयाला ‘व्यवस्थापन’. त्या वाचनातून त्यांना सगळ्यात आधी भेटला जेम्स जॉयस. एम.ए.ला त्याच्या नावानं त्यांना घाम फुटलेला. पण हा जॉयस वेगळाच निघाला. १९०४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोराला घेऊन तो झुरिकला गेला, कारण इंग्लंडमधल्या एका एजन्सीनं त्याला कळवलं होतं की तिथल्या बर्लिट्झ शाळेत तुमच्यासाठी जागा आहे. तिथे गेल्यावर कळलं, जागा नाही. मग त्याला त्रिएस्तला धाडलं. तिथेही नाही. शेवटी पोलाला लागला. “म्हणजे अतिरिक्त शिक्षकाचं समायोजनच की!” सर अत्यानंदानं म्हणाले. “आणि नेमणूकपत्र हातात नसताना बायकोला घेऊन निघाला, बघा. एवढा मोठा लेखक, पण चौकशी शून्य.” त्या दिवसापासून त्यांच्या मनात जॉयसबद्दल जो जिव्हाळा आहे तो युलिसिस वाचून कधी झाला नसता.

बर्लिट्झची पद्धत मात्र त्यांना पटली नाही. १८७८ पासून चालत आलेली ही संस्था; वर्गात शिकणाऱ्याच्या मातृभाषेत एक अवाक्षर काढायचं नाही, हा तिचा मूळ दंडक. सर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून मोठे झालेले. ‘असे’ म्हणजे काय आणि ‘असता’ म्हणजे काय हे मराठीत फोडून सांगितल्याशिवाय इंग्रजी पोटात जातं, यावर त्यांचा विश्वास नाही. “पाव्हणा दारात आला आणि आम्ही यजमानाला घरात कोंडून ठेवायचं?” असं म्हणून त्यांनी बर्लिट्झला काट मारली. बर्लिट्झला याची कल्पना नाही.

पण सरांचं खरं प्रेम नोव्हावर. इतिहासाच्या मास्तरांना जसं पानिपत, तसं सरांना नोव्हा. १९८१ साली ओसाकात निघालेली ही साखळी वाढत वाढत जपानातली सगळ्यात मोठी झाली. नऊशेच्या वर शाखा, चारेक हजार परदेशी शिक्षक, टीव्हीवर जाहिरातीत एक गुलाबी ससा. विद्यार्थ्यांकडून दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तासांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्या पैशांतून पुढच्या शाखा काढायच्या. मध्येच कुणी पैसे परत मागितले की नियमावली दाखवायची. प्रकरण जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, सरकारनं नवीन दीर्घ मुदतीचे करार करायला बंदी घातली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये नोव्हा कोसळली. शिक्षकांचे पगार त्याआधीपासूनच थकलेले. विद्यार्थ्यांनी शिकवणीच्या बदल्यात शिक्षकांना जेवण द्यावं, अशी योजना तिथल्या शिक्षक संघटनेला काढावी लागली.

यातला सरांचा आवडता परिच्छेद वेगळाच. नोव्हा शिक्षकांच्या पगारातून घरभाडं कापून घ्यायची आणि शेवटी शेवटी ते घरमालकाला देतच नव्हती. म्हणजे पगार नाही तो नाहीच, वर घरमालक दारात. हा मजकूर सरांनी मला मोठ्या अक्षरात काढायला सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. ओळखीचं माणूस भर गर्दीत भेटावं तसा उजळला होता. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या पगारातून पतपेढीचा हप्ता वर्षभर असाच कापला गेला होता आणि पतपेढीत पोचला नव्हता. “मी म्हटलंच होतं,” सर हळू आवाजात म्हणाले, “पॅसिफिक ओलांडला म्हणून व्यवस्थापन बदलत नसतं.” जपान आणि रत्नागिरी यांच्यामध्ये पॅसिफिक येत नाही, हे मी त्या क्षणी बोललो नाही. नोव्हाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात चहापानाचं खास दालन आणि सौनासुद्धा निघालं, याचा सरांना राग नाही. सौना ही संस्थेची मालमत्ता म्हणून नोंदली होती की वैयक्तिक, एवढंच त्यांना हवं आहे.

अडकलेल्या शिक्षकांना मायदेशी परतण्यासाठी क्वांटास विमान कंपनीनं तिकीट स्वस्त केलं होतं, ही गोष्टही ते कौतुकानं सांगतात. “आपल्याला आझाद मैदानाला जायला एसटी कधी अर्धं तिकीट देते का?”

नोव्हाच्या नावाखाली शाळा आजही चालतात, पण मालक बदलले. २०१० मध्ये जिऑस नावाची दुसरी साखळी बुडाली. २०२१ च्या जुलैत चीननं खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला आणि महिन्याभरात वॉल स्ट्रीट इंग्लिशचा तिथला कारभार आटोपला. सरांनी या सगळ्यांच्या नोंदी एका लांबोड्या वहीत केल्या आहेत. वहीत रकाने आहेत: संस्थेचं नाव, स्थापना, शाखा, अनुदानित की विनाअनुदानित, पगाराची तारीख, सेवापुस्तक कोणाकडे राहणार, आणि शेवटचा रकाना, ‘मागचा शिक्षक का गेला?’ हा शेवटचा प्रश्न ते प्रत्येक पत्रात घालतात. यालाच उत्तर येत नाही.

एकदा एका जपानी साखळीच्या करारात त्यांना ‘आठवड्याला साडेएकोणतीस तास’ असं सापडलं. तीस का नाही? कुणीही वाचून पुढे गेलं असतं. सर दोन दिवस त्या अर्ध्या तासामागे लागले. तिसऱ्या दिवशी दुकानात आले ते जवळजवळ नाचत. तीस तासांच्या आसपास गेलं की मालकाला शिक्षकासाठी आरोग्यविमा आणि पेन्शनची वर्गणी भरावी लागे, म्हणून कितीतरी संस्था करारात अर्धा तास कमी लिहीत. “साडेएकोणतीस!” सरांनी काउंटरवर थाप मारली. “अहो, हा मेंदू कुठल्याही देशातला असो, संस्थाचालकाचाच!” त्या वेळी दुकानात एक गृहस्थ वारसनोंदीचा फॉर्म भरत होते. त्यांनी घाबरून सही चुकवली.

आता कुणी म्हणेल, हा माणूस नुसती कारणं शोधतो आहे. वहिनींचं मत साधारण तसंच. त्या जिल्हा परिषदेत आहेत, त्यांचा पगार वेळेवर होतो आणि घर त्यावर चालतं. त्या एकदा मला म्हणाल्या, “ह्यांना पाठवायला माझी ना नाही हो, भाऊजी. पण ह्यांना संध्याकाळी मांडवीला फिरायला न्यायचं तर आधी भरती कधीची ते विचारतात. हे विमानात बसले तर पायलटचं सर्व्हिस बुक मागतील.” पण वहिनींनी हेही सांगितलं की लग्न ठरताना सरांच्या बाजूनं एकच माणूस खरं बोलला होता, तो म्हणजे सर. “पगार नाही,” हे त्यांनी पहिल्याच भेटीत, पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधी सांगितलं होतं.

आणि दारं सगळीच सरांनी बंद केलेली नाहीत. कोरियातल्या खासगी शिकवण्यांना शिक्षक हवा असतो तो सात देशांच्या नागरिकांपैकीच: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. ही यादी माझ्या दुकानाच्या भिंतीवर सरांनी स्वतः चिकटवली आहे. कोकणातल्या गावागावांतून मुसलमान कुटुंबं शंभर वर्षांपूर्वी केपटाउनला गेली. सरांच्या आजोबांच्या गावचंही एक घर गेलं. त्या घरातली पणतवंडं आज पदवी घेऊन कोरियात इंग्रजी शिकवायला पात्र, आणि त्यांच्या बांधालगतचे सर अपात्र. “आजोबांनी त्या बोटीची चौकशी करायला हवी होती,” एवढंच सर म्हणतात. मग भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराची बातमी त्यांना लागली. २०१० पासून लागू झालेल्या या करारानं शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट करून दिली आहे. सरकारी हा शब्द ऐकून सर खुर्चीवरून उठले, आणि सहायक ऐकून परत बसले. “म्हणजे शिक्षणसेवक,” ते म्हणाले. महाराष्ट्रात शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, मग कायम. कोरियात तीन वर्षांनंतर काय, याची चौकशी चालू आहे.

जपानचं अंकगणित याहून गोड. तिथल्या शाळांमध्ये परदेशी भाषेचे शिक्षक म्हणून व्हिसा हवा तर त्या भाषेत बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. सरांची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून ते आलं २००० साली. सरांनी बोटांवर मोजलं: पाचवी ते बारावी आठ, बी.ए. तीन, एम.ए. दोन, झाली तेरा. एक वर्ष शिल्लक! मी म्हटलं, “पण सर, इंग्रजीच्या तासाला गुरुजी मराठीतच बोलायचे ना?” सर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बोलायचे. पण दाखल्यावर विषय इंग्रजी आहे. आणि मी दाखल्याच्या बाहेरचं स्वतःहून सांगणार नाही.” त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव लबाडीचा बेत असावा. तोही तडीस गेला नाही. अर्जाच्या शेवटी त्यांनी स्वतःच एक तळटीप घातली: ‘शिक्षणाचे माध्यम: मराठी’.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र सरांचा हात जिल्ह्यात कुणी धरणार नाही. पासपोर्ट आहे. दहा वर्षं कोरा राहून संपला, तेव्हा पुन्हा काढला. पडताळणीला घरी आलेल्या पोलिसानं “कुठे जायचंय?” विचारलं तर सरांनी त्यालाच विचारलं, हा प्रश्न कोणत्या नियमाखाली? पदव्यांवर अपोस्टिलचे चौकोनी स्टिकर आहेत. त्यासाठी ते मुंबईला गेले तो दिवस मला आठवतो, कारण त्यांच्या पिशवीत दोन फाइली होत्या. सकाळी मंत्रालयात जाऊन देश सोडण्यासाठी लागणारा शिक्का घ्यायचा आणि दुपारी आझाद मैदानावर बसून पुढच्या टप्प्याच्या घोषणा द्यायच्या. दोन्ही कामं एका तिकिटात. परत आले ते दोन्हीकडून समाधानी होऊन. शिक्का मिळाला होता, आणि आश्वासनही.

रत्नागिरीला बाहेरून माणूस आणून ठेवायची सवय आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणला. तीस वर्षांनी तो इथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध केलं. सर थिबा पॅलेसजवळच राहतात. त्यांना कुणी अडवून ठेवलेलं नाही. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षक म्हणून इथल्या हायस्कुलात बदलून आले होते. त्यांनी राजीनामा दिला, पुणं गाठलं आणि १ जानेवारी १८८० ला टिळकांच्या जोडीनं न्यू इंग्लिश स्कूल काढलं. हे उदाहरण देऊन एकदा मी सरांना पेटवायला गेलो. सर म्हणाले, “शास्त्रीबुवांचा क्रम चुकला. आधी शाळा काढायची, तिला मान्यता घ्यायची, मग राजीनामा.”

एकदाच मुलाखतीपर्यंत गोष्ट गेली. व्हिएतनाममधली एक मोठी साखळी. घरी वीज जायची भीती, माझ्याकडे इन्व्हर्टर, म्हणून मुलाखत दुकानात. मागे ‘येथे पॅनकार्ड काढून मिळेल’चा बोर्ड दिसू नये म्हणून वहिनींची चादर लावली. पडद्यावर एक हसतमुख मुलगी आली आणि म्हणाली, समोर पाच वर्षांची मुलं आहेत असं समजा आणि त्यांना पिवळा रंग शिकवा. अकरावी-बारावीला कर्मणी प्रयोग शिकवण्यात उमेद घालवलेला माणूस! सरांनी इकडे-तिकडे पाहिलं. काउंटरखाली पेटी होती. त्यातला एक हापूस उचलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “धिस मँगो इज येलो.” मग त्यांचं लक्ष देठाकडे गेलं. तिथे अजून हिरवट झाक होती. चुकीचं शिकवणं रक्तात नाही. “फॉर्टी पर्सेंट येलो,” सरांनी दुरुस्ती केली.

मुलगी खूश झाली. तिला वाटलं, विनोद आहे. तिनं विनंती केली, जरा उत्साह वाढवा, मुलांना ससा होऊन उड्या मारून दाखवा. सशाचं नाव काढताच सरांच्या डोळ्यांसमोर नोव्हा उभी राहिली. “नो रॅबिट,” ते ठामपणे म्हणाले आणि वही उघडली. पुढची पंचवीस मिनिटं मुलाखत सरांनी घेतली. संस्थेची नोंदणी कुणाच्या नावावर? मान्य पदं किती, भरलेली किती? शाखा बंद पडली तर शिक्षकाचं समायोजन कोण करणार? मुलगी बिचारी नोकरीला लागून तीनच महिने झालेली. शेवटी तिनंच सरांना विचारलं, माझा स्वतःचा करार तुम्हाला पाठवला तर बघाल का? सरांनी तो बघितला. मोठ्या अक्षरात, बावीस पानं झाली. तिला तिथून सोडून जाण्याचा सल्ला त्यांनी दिला आणि तिनं तो मानला, असं नंतर तिच्या ईमेलवरून कळलं.

सरांचा धंदा, म्हटलं तर, हाच झाला आहे. आयेल्ट्सवाली पोरं, जर्मन शिकून बाडेन-व्युर्टेम्बर्गला जाऊ पाहणाऱ्या नर्सेस, आखातात निघालेले वायरमन, सगळे माझ्या दुकानात येऊन विचारतात, “टप्पासर किती वाजता येतात?” पैसे ते कुणाकडून घेत नाहीत. चहा घेतात, तोही साखर किती घातली विचारून. माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकलेली. गोगटे-जोगळेकर कॉलेजातून तिनं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि जपानातल्या शाळांत सहायक शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. बारा वर्षांचा नियम तिला आडवा आला नाही. तिची तर पंधरा भरली. सरांनी तिला समोर बसवून सांगितलं, “हे बघ गो, तास किती, ते आधी विचार. साडेएकोणतीस म्हणाले तर उठून उभी राहा.” ती खरंच उभी राहिली म्हणे, व्हिडिओ कॉलवर. कंपनीनं तिला जास्त तासांची दुसरी जागा दिली. विमा आणि पेन्शन पहिल्या महिन्यापासून.

तिच्यामुळेच परवाचं प्रकरण झालं. तिच्या जपानातल्या गावाच्या पुढे, समुद्राकाठी, एका म्हाताऱ्या बाईंची छोटीशी इंग्रजी शाळा आहे. साखळी नाही, एकच शाखा. शिक्षक हवा होता. खासगी शाळा असल्यानं बारा वर्षांची भानगड नाही, पदवी आणि अनुभव पुरे. भाचीनं सरांचं नाव सुचवलं. बाईंनी सरांच्या यादीतल्या सगळ्या प्रश्नांची एकेक करून उत्तरं पाठवली. पगार पंचवीस तारखेला, बँकेत. तास पस्तीस. विमा आहे, पेन्शन आहे. घर शाळेच्या मागेच, भाडं शाळा भरते आणि पावती शिक्षकाला दाखवते. विद्यार्थ्यांकडून फी महिन्याची महिन्याला, आगाऊ घेत नाहीत. ससा नाही. व्याकरण त्यांच्या भाषेत फोडून सांगितलं तरी चालेल, जपानी तुम्हाला आम्ही शिकवू.

मी ते पत्र मोठ्या अक्षरात काढलं. सरांनी तिथेच उभ्यानं वाचलं, मग स्टुलावर बसून वाचलं. लाल पेन हातात होतं, पण कुठे टेकलं नाही. हा माणूस एवढा अस्वस्थ झालेला मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते शाळा सुटायच्या आधीच आले. “एकाच प्रश्नाचं उत्तर राहिलंय,” ते म्हणाले. “शेवटच्या रकान्याचं.” आणि माझ्याकडून बाईंना एका ओळीची ईमेल टाइप करून घेतली: मागचा शिक्षक का गेला?

उत्तर रात्रीच आलं. मागचे शिक्षक आयर्लंडचे होते. एकोणीस वर्षं त्यांनी याच शाळेत शिकवलं, पगार एकदाही चुकला नाही, इथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि या मार्चमध्ये वयोमानानुसार निवृत्त झाले. आजही दर शुक्रवारी चहाला येतात.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वही उघडली. बघता बघता चेहऱ्यावरची चिंता उतरली.

“बघा!” ते म्हणाले. “एकोणीस वर्षं एकाच पदावर. म्हणजे बढतीची सोयच नाही.”